समुद्रतळावरचे फ्रॅक्चर झोन नकाशावर कसे काढायचे: घरबसल्या, फुकटच्या डेटावर

फ्रॅक्चर झोनचा, म्हणजे समुद्रतळावरच्या लांबच लांब तुटीच्या खुणांचा, नकाशा काढायला जहाज लागत नाही. एक बरा लॅपटॉप, नेट आणि थोडा पेशन्स असला की हिंद महासागराच्या एका तुकड्याचा नकाशा घरी बसून होतो, आणि कामाचा होतो. अट एकच, कुणी एखाद्या रेषेवर बोट ठेवून "ही इथेच का?" विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. नवीन माणूस काय करतो, खोलीचा निळा-जांभळा नकाशा उघडतो, गडद लांब पट्टा दिसला की गिरवतो, पुढचा दिसला की तोही गिरवतो, तासाभरात नकाशा तयार आणि दिसायला एकदम झकास, पण त्यातल्या खऱ्या रेषा किती आणि डेटातल्या चुका किती हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. म्हणून मी इथे क्रम जरा वेगळा ठेवलाय: आधी गुरुत्वाकर्षण, मग खोली, मग भूकंप आणि मॅग्नेटिक. आणि रेषेला "पक्की" म्हणायचं ते एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन प्रकारच्या डेटानं दुजोरा दिल्यावरच.

सरावासाठी मी सेंट्रल इंडियन रिजचा, म्हणजे हिंद महासागराच्या तळावरच्या एका पर्वतरांगेचा, पट्टा घेतलाय, विषुववृत्ताच्या जरा वरपासून ते रॉड्रिग्स बेटाच्या अक्षांशापर्यंत. आपल्या अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रिज दक्षिणेला उतरत जाते तीच पुढे ही रिज होते. कार्ल्सबर्गवर मोठे तुटलेले भाग कमी आहेत, खाली मात्र ठिकठिकाणी तुकडे पडलेत, त्यामुळे शिकायला हा भाग चांगला.

आधी एवढं डोक्यात पाहिजे

रिज म्हणजे समुद्रतळावरची लांबच लांब पर्वतरांग, जिथे दोन प्लेट एकमेकींपासून लांब जातात आणि मधे नवा तळ तयार होत राहतो. ही रांग सलग सरळ नसते. थोडी पुढे जाते, बाजूला सरकते, परत पुढे जाते, परत सरकते, वरून बघितलं तर जिन्यासारखी दिसते. दोन तुकड्यांना जोडणारा जो आडवा भाग तो ट्रान्सफॉर्म फॉल्ट. तिथे दोन्ही बाजूंच्या प्लेट एकमेकींच्या उलट दिशेला सरकतात म्हणून भूकंप होतात. पण रिजच्या टोकाच्या पलीकडे गेलात की रेषेच्या दोन्ही बाजूंचा तळ एकाच प्लेटचा, एकाच दिशेनं, एकाच वेगानं चाललेला. घासाघीस संपली, खूण तेवढी राहिली. ही खूण शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब जाते, तो फ्रॅक्चर झोन.

हे आज सोपं वाटतं पण लोकांना कळायला वेळ लागला. पॅसिफिकमधला मेंडोसिनोचा प्रचंड कडा मेनार्ड आणि डिएट्झ यांनी १९५२ मध्ये मांडला, तेव्हा असे लांब कडे का आहेत ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ट्रान्सफॉर्म फॉल्टची कल्पना टुझो विल्सननं १९६५ मध्ये आणली. त्यातली गंमत अशी की रिज डावीकडे सरकलेली दिसते म्हणून फॉल्टवरची हालचालही डावीकडेच असणार असं कुणालाही वाटेल, विल्सन म्हणाला उलट असणार, आणि १९६७ मध्ये लिन साइक्सनं भूकंपांच्या नोंदींवरून ते बरोबर निघालं हे दाखवलं.

आपल्या बाजूचा संबंध पण यात आहे. १९६२ मध्ये एचएमएस ओवेन नावाच्या ब्रिटिश सर्व्हे जहाजानं कार्ल्सबर्ग रिजवर मोजमाप केलं, आणि समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वेळोवेळी उलटलं त्याची खडकात राहिलेली नोंद) अर्थ लावणारा व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा १९६३ चा गाजलेला पेपर त्याच डेटावर उभा आहे. अरबी समुद्राच्या पश्चिमेला ओमानसमोरचा ओवेन फ्रॅक्चर झोन हे नाव त्या जहाजावरूनच. हा नवीन लोकांना हमखास गोंधळात पाडतो, कारण व्याख्येप्रमाणे तो शांत असायला पाहिजे, पण आज तीच भारतीय आणि अरबी प्लेटची हद्द आहे आणि तिथे वर्षाला साधारण ३ मिलिमीटर हालचाल चालू आहे. म्हणजे नावात काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, भूकंप बघा. नावांवरून आठवलं, व्हेमा फ्रॅक्चर झोन नावाचे दोन आहेत, एक अटलांटिकमध्ये ११ उत्तर अक्षांशाजवळ आणि एक आपल्या सरावाच्या पट्ट्यात ९ दक्षिणजवळ. पेपर शोधताना चुकीच्या महासागरातले आकडे उचलून आणणारे कमी नाहीत.

तो दिसतो कशामुळे

इथे जरा थांबून आकडेमोड करा, पुढे खूप उपयोगी पडते. नवा तळ गरम आणि वर उचललेला असतो, जुना होत जातो तसा थंड होऊन खाली बसतो. पार्सन्स आणि स्क्लेटर यांचं १९७७ चं साधं सूत्र आहे: खोली मीटरमध्ये = २५०० + ३५० × वयाचं वर्गमूळ, वय दशलक्ष वर्षांत, आणि साधारण ७० दशलक्ष वर्षांपर्यंतच वापरायचं.

आता समजा रिजचे दोन तुकडे ३०० किलोमीटरनं सरकलेत आणि एका बाजूला तळ वर्षाला १२ मिलिमीटरनं लांब जातोय. ३०० किलोमीटर जायला २५ दशलक्ष वर्षं लागली. म्हणजे रेषेच्या एका बाजूला वय शून्य, खोली २५०० मीटर, आणि लगेच शेजारी वय २५, खोली ४२५०. पावणेदोन किलोमीटरचा कडा! पण तीच रेषा लांब जाऊन बघितली, जिथे वयं ४० आणि ६५ आहेत, तर ४७१४ आणि ५३२२, फरक फक्त ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे वयातला फरक तोच, कडा मात्र विझत जातो. (प्रत्यक्षात रेषेच्या अगदी जवळचा कडा एवढा पटकन कमी होत नाही, कारण दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि वाकतात, पण सुरुवातीला सूत्र पुरे.)

यातून दोन गोष्टी समजतात. रिजजवळ रेषा ठळक आणि लांब पुसट असणार, म्हणून काढायला सुरुवात नेहमी रिजपासून करायची. आणि कुठल्या बाजूला खोल तळ असायला हवा हे आधीच सांगता येतं. तुमच्या रेषेवर उलटंच दिसत असेल तर काहीतरी गडबड आहे.

डाउनलोड आणि सॉफ्टवेअर

नकाशे काढायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे आणि मदत लगेच मिळते. सोबत जिओमॅपअॅप टाकून ठेवा, ते अमेरिकेतल्या लॅमॉन्ट संस्थेचं आहे, दिसायला जुनाट आहे पण फ्रॅक्चर झोन झटपट चाळायला त्याच्यासारखं दुसरं नाही. जीएमटी (कमांड टाइप करून नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) नंतर शिका, पहिल्याच दिवशी कमांड लाइनवर गेलात तर नकाशा राहील बाजूला.

खोलीसाठी गेब्को या जगभराच्या समुद्रतळाच्या खुल्या नकाशाची ग्रिड, म्हणजे चौकोनाचौकोनात भरलेले आकडे. वेबसाइटवर चौकट टाकायची सोय आहे: उत्तर ५, दक्षिण -२०, पश्चिम ५८, पूर्व ७५. जिओटिफ निवडा. ग्रिड १५ आर्क-सेकंदांची आहे, म्हणजे विषुववृत्ताजवळ एक चौकोन साधारण ४६० मीटरचा. डाउनलोड करताना टीआयडी ग्रिडवर पण टिक करा. हे बहुतेक जण सोडून देतात आणि माझ्या मते खोलीच्या फाइलपेक्षा ही फाइल जास्त महत्त्वाची आहे, का ते पुढे येतंच.

गुरुत्वाकर्षणासाठी स्क्रिप्स संस्थेच्या सँडवेल आणि स्मिथ यांच्या ग्रिड. त्यात दोन फाइली लागतात, एक साधी ग्रॅव्हिटी आणि दुसरी व्हर्टिकल ग्रॅव्हिटी ग्रेडियंट (उभ्या दिशेत गुरुत्वाकर्षण किती झपाट्यानं बदलतं ते), जिला सगळे व्हीजीजी म्हणतात, फाइलचं नाव "कर्व्ह"नं सुरू होतं. ही अख्ख्या जगाची असते, क्यूजीआयएसमध्ये क्लिप रास्टर बाय एक्स्टेंट वापरून आपल्या चौकटीएवढी कापा, नाहीतर लॅपटॉप रडायला लागेल.

भूकंपांसाठी यूएसजीएस या अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा कॅटलॉग, तीच चौकट, मॅग्निट्यूड ४.५ च्या वरचे, सीएसव्हीमध्ये.

गुरुत्वाकर्षणावरून समुद्राचा तळ कसा दिसतो

उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उंची रडारनं मोजतात. तळावर डोंगर असला की तिथलं जास्तीचं वस्तुमान पाणी स्वतःकडे ओढतं आणि वर पृष्ठभागाला फुगवटा येतो. २ किलोमीटर उंच आणि २० किलोमीटर त्रिज्येचा ज्वालामुखी असेल तर फुगवटा साधारण २ मीटर. बोटीवरच्या माणसाला काही कळत नाही, उपग्रहाला कळतं. १९७८ चा सीसॅट जेमतेम शंभरेक दिवस चालला तरी त्यानं फ्रॅक्चर झोन लख्ख दाखवले. पुढे जिओसॅटचा डेटा अमेरिकन नौदलानं वर्षानुवर्षं दाबून ठेवला आणि १९९५ मध्ये मोकळा केला, आणि मग जगभराच्या समुद्रतळाचा नकाशाच बदलला. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट उपग्रह तर आणखी पुढचा, त्याच्या एका वर्षाच्या डेटातून जे दिसलं ते आधीच्या तीस वर्षांच्या उपग्रहांपेक्षा बारीक होतं.

मग साध्या ग्रॅव्हिटीपेक्षा व्हीजीजी का? कारण ते मोठमोठे, पसरट चढउतार दाबून टाकतं आणि अरुंद, लांबट गोष्टी वर काढतं, आणि फ्रॅक्चर झोन नेमका तसाच असतो. दुसरं म्हणजे गाळ. अरबी समुद्रात सिंधूनं आणि बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेनं किलोमीटरच्या हिशेबात गाळ ओतलाय. खोलीच्या नकाशात तिथे सपाट मैदान दिसतं, काही म्हणजे काही नाही, पण गाळाखालचा कडा गुरुत्वाकर्षणात दिसत राहतो. निव्वळ खोली बघून काढणाऱ्यांच्या रेषा गाळ सुरू झाला की संपतात, आणि मग लोक "इथे फ्रॅक्चर झोन संपतो" असं लिहून मोकळे होतात. तो संपत नाही, पुरला गेलाय.

चित्र नीट लावणं

व्हीजीजीचा लेयर ग्रे स्केलमध्ये ठेवा, मिनिमम -४०, मॅक्सिमम ४०, युनिट इओत्वोस. इंद्रधनुष्य रंग नकोत, डोळा रंग बदलला की तिथे कडा आहे असं समजतो. आता रिजच्या आजूबाजूला ईशान्य-नैऋत्य जाणाऱ्या काळ्या रेषा दिसतील, दोन्ही कडांना उजळ किनार. तेच आपलं सामान. त्यांना आडवी छेदणारी, वायव्य-आग्नेय तुकड्यातुकड्यांची काळी रेघ दिसते ती रिजच्या मधली दरी आहे, तिला फ्रॅक्चर झोन म्हणून गिरवू नका. ही रिज वेगानं संथ आहे म्हणून मधे दरी, पॅसिफिकसारख्या वेगवान रिजवर चित्र वेगळं दिसतं.

खोलीच्या लेयरवर हिलशेड (बाजूनं उजेड टाकून सावल्या दाखवणारं चित्र) टाका. आता इथे प्रत्येक नवीन माणूस अडकतो: हिलशेड लावली की सगळं कोळशासारखं काळं-पांढरं होतं, काही कळत नाही. कारण आडवं अंतर अंशांत आहे आणि खोली मीटरमध्ये, सॉफ्टवेअरला वाटतं एक अंश म्हणजे एकच मीटर, त्यामुळे साधा उतारही उभा कडा होतो. झेड फॅक्टरमध्ये ०.००००१ टाका, लगेच माणसात येतं. थोडं उठावदार हवं असेल तर ०.००००५.

मग प्रकाशाची दिशा. डिफॉल्ट ३१५ असते, म्हणजे वायव्येकडून उजेड. आपले फ्रॅक्चर झोन ईशान्य-नैऋत्य आहेत, उजेड बरोबर आडवा पडतो, रेषा खुलून दिसतात. आता ४५ करून बघा. त्याच रेषा मावळतात आणि रिजची दरी आणि तिला समांतर बारीक टेकड्या वर येतात! तळ तोच, फक्त दिवा फिरवला. म्हणून हिलशेडवर काही "दिसत नाही" म्हणण्याआधी अझिमथ (उजेडाची दिशा) फिरवून बघायची सवय लावा, किंवा मल्टिडायरेक्शनलवर टिक करा. उत्तर-दक्षिण रेषांच्या भागात गेलात की ३१५ हे परत तपासायचं.

टीआयडी, म्हणजे साक्षीदार खरा का खोटा

या लेखातला हा भाग नीट वाचा, बाकीचा चाळला तरी चालेल.

गेब्कोच्या ग्रिडमध्ये प्रत्येक चौकोनात खोलीचा आकडा असतो, त्यामुळे वाटतं सगळं मोजलंय. मुळीच नाही. जगाच्या समुद्रतळाचा आधुनिक पद्धतीनं मोजलेला भाग एक चतुर्थांशाहून थोडा जास्त आहे, बस. बाकी ठिकाणी जहाजांच्या विरळ नोंदी आणि त्यांच्या मधली जागा उपग्रहाच्या गुरुत्वाकर्षणावरून अंदाजानं भरलेली. टीआयडी ग्रिड नेमकं हेच सांगते: ११ म्हणजे मल्टीबीम (जहाजावरून ध्वनीनं रुंद पट्टा मोजलेला), १० म्हणजे सिंगलबीम (जहाजाच्या थेट खालची एकच ओळ मोजलेली), ४० म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या आधारानं भरलेलं, ७० म्हणजे दुसऱ्या तयार ग्रिडमधून आणलेलं, ज्यात सगळं मिसळलेलं असतं.

आता विचार करा. तुम्ही व्हीजीजीवर रेषा बघितली, मग गेब्कोवर बघितली, दोन्हीत एकाच जागी. खूश झालात, दोन पुरावे जुळले. पण तिथे टीआयडी ४० असेल तर गेब्कोची ती खोली त्याच गुरुत्वाकर्षणातून आलीये. दोन साक्षीदार नाहीत, एकच माणूस दोनदा बोललाय. पेपरांमध्ये, प्रोजेक्ट रिपोर्टांमध्ये हे सर्रास चालतं आणि कुणी विचारत नाही.

म्हणून टीआयडीचा लेयर लावा, ११ ला एक ठळक रंग द्या, बाकी सगळं पारदर्शक. जहाजांचे पट्टे उठून दिसतील. मल्टीबीम जहाजाखाली खोलीच्या तीन-चार पट रुंद पट्टा मोजतं, त्यामुळे त्या पट्ट्यात जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तुमची रेषा अशा एका पट्ट्याला तरी छेदून जाते का, आणि तिथे खरंच दरी किंवा कडा आहे का? हा खरा दुसरा पुरावा. जिओमॅपअॅपमध्ये हेच एका मास्कच्या बटणावर होतं, मोजलेला भाग उजळ राहतो आणि बाकी झाकोळतो.

रेषा काढणं

नवा लाइन लेयर, जिओपॅकेजमध्ये. कॉलम असे ठेवा: नाव, प्रकार (ट्रान्सफॉर्म, फ्रॅक्चर झोन, शंका), कशावरून काढली, खात्री १ ते ३ (१ पक्की, ३ सगळ्यात कमी), आणि टिपण. टिपणाचा कॉलम कंटाळवाणा वाटतो पण दोन महिन्यांनी नकाशा उघडल्यावर तोच वाचवतो.

स्केल १:२०,००,००० वर लॉक करा. झूम करून करून काढायचं नाही, व्हीजीजीचं रेझोल्यूशन काही किलोमीटरचं आहे, तुम्ही पिक्सेलमध्ये घुसलात तर डेटात नसलेली वळणं काढाल. दर १०-१५ किलोमीटरला एक बिंदू पुरतो. काळ्या पट्ट्याच्या मध्यावरून जायचं. काही लोक कड्याच्या सगळ्यात तीव्र उतारावरून काढतात, तेही चालतं, पण एका नकाशात एकच नियम.

व्हेमापासून सुरुवात करा. ९ दक्षिण, ६७ पूर्वच्या आसपास जा, चुकणारच नाही, दरी इतकी खोल आहे की आजूबाजूला उंच रिज असूनही तळ ६००० मीटरच्या खाली जातो. एलिव्हेशन प्रोफाइल उघडा (आधी लेयरच्या प्रॉपर्टीमध्ये एलिव्हेशन चालू करावं लागतं, नाहीतर प्रोफाइल रिकामं येतं आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात), आणि दरीला काटकोनात, वायव्य ते आग्नेय, शंभरेक किलोमीटरची रेषा ओढा. उभ्या भिंती, मधे खोल तळ, आणि दोन्ही बाजूंच्या उंचीत फरक. एकदा हे प्रोफाइल डोळ्यात बसलं की पुढचे झोन आपोआप ओळखू येतात. मग दक्षिणेला आर्गो, त्याखाली मारी सेलेस्ट. प्रत्येक झोनसाठी आधी रिजच्या दोन टोकांमधला ट्रान्सफॉर्मचा तुकडा वेगळा काढा, नंतर दोन्हीकडे फ्रॅक्चर झोनचे शेपूट वेगळे. एकाच रेषेत सगळं ओढलं की नंतर भूकंपांशी ताडता येत नाही.

शेपूट लांब नेताना व्हीजीजीत रेषा मधेच नाहीशी होईल. तिथे तुटक रेषा काढा, खात्री ३ द्या आणि पलीकडे परत दिसते का बघा. पूर्वेला चॅगोसची उंच रांग आडवी येते, ती फ्रॅक्चर झोन नाही, हॉटस्पॉटनं (एकाच जागी खोलून वर येणाऱ्या गरम खडकानं) केलेली ज्वालामुखी रांग आहे, जिची सुरुवात आपल्या दख्खनच्या बेसॉल्टशी जाऊन भिडते आणि जी लक्षद्वीपवरून खाली येते. तिच्या पलीकडे रेषांची दिशाच बदललेली आहे, जवळपास उत्तर-दक्षिण. कारण तो तळ जुना आहे, भारतीय प्लेट उत्तरेला सुसाट चालली होती तेव्हाचा. म्हणजे फ्रॅक्चर झोनचं वळण ही चूक नसते, प्लेटनं दिशा बदलल्याची नोंद असते, तिथे रेषा सरळ करायच्या मोहात पडू नका.

फसवणाऱ्या गोष्टी

जहाजांचे मार्ग पहिले. मोजलेला पट्टा खडबडीत आणि आजूबाजूचा अंदाजाचा तळ गुळगुळीत, त्यामुळे सरळसोट रेषा दिसतात. २००९ मध्ये गूगल अर्थमध्ये समुद्र आल्यावर कॅनरी बेटांच्या जवळ रस्त्यांसारखी जाळी दिसली आणि अटलांटिस सापडल्याच्या बातम्या झाल्या, ती हीच जहाजांच्या मार्गांची जाळी होती. टीआयडी लावलं की दोन सेकंदांत उलगडतं.

दुसरं, तिरक्या रेषा. रिजचा एखादा तुकडा लांबत जाऊन शेजारच्याला खाऊन टाकतो तेव्हा इंग्रजी व्हीच्या आकाराच्या तिरक्या खुणा मागे राहतात, त्यांना स्यूडोफॉल्ट म्हणतात. शेजारचे पाच झोन समांतर आणि एकच तिरका असेल तर त्याच्यावर संशय घ्या. ट्रिपल जंक्शनच्या, म्हणजे तीन प्लेट भेटतात त्या जागेच्या, मागे राहिलेल्या खुणाही तशाच. सिंधूच्या गाळावरचे समुद्राखालचे नाले खोलीच्या नकाशात छान लांब दिसतात पण ते वळणं घेतात आणि व्हीजीजीत गायब असतात, तेवढ्यावरून ओळखता येतात.

तपासणी

भूकंपांची सीएसव्ही टाका. ट्रान्सफॉर्मच्या तुकड्यावर आणि रिजवर ठिपक्यांची रांग दिसली पाहिजे आणि शेपटांवर जवळपास काही नाही. ठिपके रेषेपासून थोडे बाजूला पडतील, तिकडे किनारे लांब, स्टेशनं लांब, जागा दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे सहज होते, म्हणून ठिपक्यांवरून रेषा सरकवायची नाही. आणि डेप्थच्या कॉलममध्ये सगळीकडे १० दिसेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका, खोली नीट ठरवता आली नाही की १० धरतात.

त्याहून चांगला पुरावा म्हणजे बीचबॉल, भूकंपात कुठल्या प्रकारची हालचाल झाली ते दाखवणारे गोल. ग्लोबल सीएमटीचा हा डेटा १९७६ पासूनचा आहे आणि जिओमॅपअॅपमध्ये तयार मिळतो. ट्रान्सफॉर्मवर गोल चार पाकळ्यांत वाटलेला, आलटून पालटून काळा-पांढरा, म्हणजे स्ट्राइक-स्लिप, दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. रिजवर मधे पांढरा आणि दोन्ही कडांना रंग, म्हणजे ताण. तुम्ही ज्याला ट्रान्सफॉर्म म्हणालात तिथे ओळीनं दुसऱ्या प्रकारचे गोल असतील तर तुम्ही रिजची दरी गिरवलीये.

मॅग्नेटिक पट्टे शेपटांसाठी कामाचे, कारण तिथे भूकंप नसतात. जीएसएफएमएल नावाच्या खुल्या संग्रहात जगभरातून ओळखलेले चुंबकीय बिंदू आहेत, ते लेयर म्हणून टाका. रेषेच्या दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाचे पट्टे सरकलेले असले पाहिजेत आणि किती सरकलेत ते साधारण रिजच्या तुटलेल्या भागाएवढंच हवं. त्याच संग्रहात फ्रॅक्चर झोनच्या तयार रेषाही आहेत, पण आधी त्या उघडू नका! स्वतःचा नकाशा पूर्ण झाल्यावर उघडा आणि जिथे फरक पडतो ती जागा बसून बघा, शिकणं सगळं त्या फरकांत आहे. आधी बघितल्या तर डोळा तेच बघतो.

शेवटची तपासणी भूमितीची. प्लेट गोलावर एका ठरावीक बिंदूभोवती फिरतात, त्यालाच त्यांचा ध्रुव म्हणतात (पृथ्वीचा ध्रुव नव्हे), म्हणून ट्रान्सफॉर्म त्या ध्रुवाभोवतीच्या वर्तुळांवर बसले पाहिजेत. जेसन मॉर्गननं १९६८ मध्ये हेच वापरलं होतं. जीप्लेट्स या प्लेटच्या हालचालींच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळं काढायची सोय आहे, ध्रुव मॉर्व्हेल या प्लेटच्या वेगांच्या मॉडेलमधून घ्या, प्लेटची जोडी सोमालिया आणि कॅप्रिकॉर्न. भारत आणि सोमालिया घ्यायची चूक होते, पण विषुववृत्ताच्या खाली रिजच्या पूर्वेची प्लेट कॅप्रिकॉर्न म्हणून वेगळी धरतात. ही तपासणी आजच्या ट्रान्सफॉर्मला लागू, जुन्या शेपटांना नाही, त्यांचा ध्रुव तेव्हाचा.

पुढे कुठे जायचं

हा पट्टा झाला की पूर्वेला सेंट्रल इंडियन बेसिन घ्या, ७९ पूर्वेजवळचा इंद्राणी आणि ७३ जवळचा विष्णू फ्रॅक्चर झोन, दोन्ही उत्तर-दक्षिण. हिलशेडचा अझिमथ तिथे २७० करा. मग आणखी पूर्वेला, सुमात्राच्या अलीकडे व्हार्टन बेसिन. तिथे ११ एप्रिल २०१२ ला काही तासांत ८.६ आणि ८.२ चे दोन भूकंप झाले, पहिला तर उपकरणांवर नोंदलेल्या स्ट्राइक-स्लिप भूकंपांत सगळ्यात मोठा, आणि त्यात जुन्या फ्रॅक्चर झोनच्या दिशेतल्या भेगा परत हलल्या, रिजपासून कुठल्या कुठे. त्या भागात "शेपटावर भूकंप नाहीत" हा वरचा नियम चालत नाही, म्हणून तिथे काम करताना प्रकार ठरवायला भूकंप वापरू नका, मॅग्नेटिकवर जा.